वालाच्या दाण्यातली केमिस्ट्री

बीएस्सी केमिस्ट्री करतोय म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, पुढे काय? न्हावऱ्यात असाल तर कुणी घोडगंगा साखर कारखान्याच्या लॅबचं नाव घेतं, कुणी म्हणतं की काहीच नाही जमलं तर कॉलेजात शिकवता येईल. जणू शिकवणं ही उरलीसुरली वाट! तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर कमला सोहोनींची गोष्ट माहीत हवी.

माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांची बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले केमिस्ट. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते साक्षात सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

आपण असतो तर निमूट घरी परतलो असतो. कमलाबाई थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी वर्षभराचा तात्पुरता प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. त्यातली एक अट अशी, की मुलांचं लक्ष त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पण काम इतकं चोख केलं, की प्रवेश पक्का झाला आणि पुढच्या मुलींसाठीही संस्थेचं दार उघडलं.

तिथून केंब्रिज. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींमध्ये सायटोक्रोम-सी सापडलं. पेशींच्या श्वसनात हे प्रथिन महत्त्वाचं असतं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. तुमचं प्रॅक्टिकलचं जर्नल त्याहून जाड असेल!

आता परदेशात राहायला काय हरकत होती? पण त्या परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवू लागल्या. मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा झाली. १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्यावर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

खरी गंमत इथे आहे. विद्यार्थ्यांना विषय कुठले दिले? नीरा, डाळी, कडधान्यं. म्हणजे गरिबाच्या ताटात जे पडतं तेच. कच्च्या वालात प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो. तो त्यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वेगळा काढला गेला आणि १९५५ मध्ये ते काम 'नेचर'मध्ये छापून आलं. आजी वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून का घालते, याच्याशी जोडलेलं हे शास्त्र. नीरेवरच्या संशोधनाला तर राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

एवढं करूनही संस्थेचं संचालकपद त्यांना उशिराच मिळालं. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. ग्राहक चळवळीत राहून अन्नातली भेसळ कशी ओळखायची, हे लोकांना सांगत राहिल्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

म्हणून उद्या कुणी विचारलं, पुढे काय, तर शिकवणार म्हणायला लाजू नका. फक्त वर्गात जाताना खडूबरोबर आपल्या शिवारातला एखादा प्रश्नही घेऊन जा.