दार उघडे ठेवणारा डॉक्टर

आषाढीची वाट चालताना आज पाठ कोणाच्या ओसरीवर टेकायची, एवढी एक काळजी दिंडीतल्या जुन्या वारकऱ्यालाही असते. मग ज्याला मायबाप नाहीत, गाव नाही, त्या पोराची रात्र कशी जात असेल? या एका प्रश्नापायी ज्यांनी उभा जन्म वेचला, त्या लंडनच्या डॉ. थॉमस बर्नार्डो यांचे चरित्र आज सांगतो. मनुष्य परदेशी, परधर्मीय. पण चरित्र श्रवणीय आहे.

यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजी आयर्लंडात डब्लिन शहरी झाला. १८६६ साली वैद्यकी शिकून चीन देशी धर्मप्रसारास जावे, या हेतूने ते लंडनला आले. त्याच वर्षी शहराच्या पूर्वभागात पटकीने हजारो माणसे गेली. बर्नार्डोंनी तेथेच, स्टेपनी या गरीब वस्तीत, फाटक्या पोरांसाठी फुकट शाळा काढली. हिवाळ्याच्या एका रात्री शाळा सुटली तरी जिम जार्विस नावाचा पोरगा शेगडीपासून हलेना. घर नाही, आई नाही, म्हणाला. मास्तरांना खरे वाटेना. तेव्हा मध्यरात्री त्या पोराने त्यांना नेऊन एका छपरावर उघड्यात निजलेली पोरे दाखविली. ही हकीकत स्वतः बर्नार्डोच पुढे सांगत असत. चीन राहिला तो राहिलाच.

१८७० साली स्टेपनीत मुलांसाठी घर उघडले. प्रारंभी हिशेब चोख असे. जितक्या खाटा, तितकीच पोरे. एके रात्री तांबड्या केसांचा एक अकरा वर्षांचा मुलगा आला, त्याला जागा नाही म्हणून परत पाठविले. थोड्याच दिवसांत तो भुकेने व थंडीने मेलेला सापडला. हो, काय वाटले असेल त्या माणसाला! त्यानंतर दारावर पाटीच लागली, की कोणाही निराधार बालकाला येथून परत धाडले जाणार नाही.

आपल्या पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला तो याच सुमारास, १८७५ साली.

१८७३ साली बर्नार्डोंचे सिरी एल्म्स्ली यांच्याशी लग्न झाले. उभयतांनी लंडनबाहेर बार्किंगसाइड येथे मुलींचा सांभाळ आरंभिला. प्रथम साठ मुली एकाच मोठ्या जागेत ठेविल्या. पण मुलींचे आपसातले बोलणे कानी पडले आणि बर्नार्डो उमगले, की हा कोंडवाडा झाला, घर नव्हे. मग १८७६ पासून लहान लहान घरे बांधली, प्रत्येक घरात सांभाळणारी एक आई. धुणे, शिवण, स्वयंपाक शिकून मुलगी मोठी झाली, की कपड्यांची पेटी देऊन तिला घरकामाच्या नोकरीस धाडीत.

आता खरा पेच ऐका. तान्ह्याची दया सर्वांना येते. मिसरूड फुटलेल्या पोराची कोणास येते? मी स्वतः पाठशाळेत वार लावून जेवलेला माणूस. सात घरच्या सात माउलींनी जेवू घातले. पण अध्ययन संपून वळकटी काखेत घेतली, त्या दिवशी आज निजणार कुठे, हे एकानेही विचारले नाही. दोन रात्री देवळात काढल्या. म्हणून बर्नार्डोंची पुढली गोष्ट मला अधिक मोठी वाटते. सतरा वर्षांवरच्या बेघर तरुणांसाठी त्यांनी कमर्शियल रोडवर निराळे श्रमगृह काढले. लाकडे फोडा, खोकी बनवा, त्याबदली निवारा व अन्न घ्या. काही महिने टिकला त्याला कपडे देऊन कामास लावून देत.

पण यातच मोठी चूकही झाली, ती झाकून चरित्र सांगणे बरे नव्हे. १८८२ पासून मुलांच्या टोळ्या कॅनडास जाऊ लागल्या. सुमारे तीस हजार मुले या संस्थेने धाडली. कोणी सुखी झाले. कित्येक परक्याच्या शेतावर एकटे राबले, बहीणभाऊ दुरावले. काहींच्या मायबापांची संमतीही घेतली नव्हती. त्यावरून खटले झाले आणि १८९१ साली वरिष्ठ न्यायासनापुढे बर्नार्डो हरले. २०१० साली ब्रिटिश पंतप्रधानांनी परदेशी धाडलेल्या अशा मुलांची जाहीर क्षमा मागितली. पोराला कामास लावले, पण त्याच्या पाठीशी ओळखीचे माणूस ठेवले नाही. बोट येथे सुटले.

हे बोट पुन्हा धरायला तिकडे २००० साली कायदा करावा लागला. सरकारी सांभाळातून सुटणाऱ्या मुलामागे जाणता सल्लागार असतो, आणि २०१७ च्या कायद्याने तो पंचवीस वर्षांपर्यंत मिळतो. बर्नार्डोंची संस्था आता अनाथगृहे चालवीत नाही. ती अशा मुलांना एखाद्या कुटुंबात स्वतःची खोली मिळवून देते, जिथे भाड्याचा हिशेब, स्वयंपाक, नोकरीचा अर्ज हे शेजारी बसून शिकविणारे कोणी असते. आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने अठरा पुऱ्या झालेल्यांना एकवीसपर्यंत आधार देता येतो. त्या घरांना अनुरक्षणगृह म्हणतात. शेजारी असले घर आहे का, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

बर्नार्डो १९ सप्टेंबर १९०५ रोजी वारले. त्या वेळी ९६ घरांत साडेआठ हजार मुले होती. त्यांचे स्मारक बार्किंगसाइडला, मुलींच्या त्या घरकुलांच्याच आवारात आहे.