पिंपाच्या फळ्यांचा पाय

अमेरिकेतील अनेक शहरांत कृत्रिम अवयव बसविणाऱ्या दवाखान्यांच्या पाटीवर ‘हँगर’ हे नाव वाचावयास मिळते. ते एका माणसाचे आडनाव आहे. दुसऱ्यांना पाय देण्याचा व्यवसाय उभारणाऱ्या या माणसाला स्वतःचा एक पाय वयाच्या अठराव्या वर्षी गमवावा लागला होता.

जेम्स एडवर्ड हँगर यांचा जन्म १८४३ साली व्हर्जिनियातील चर्चव्हिल या गावाजवळ झाला. १८६१ च्या वसंतात यादवी युद्ध पेटले, तेव्हा ते लेक्सिंग्टनच्या वॉशिंग्टन कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. पुस्तके बाजूला सारून ते दक्षिणेच्या घोडदळात दाखल होण्यास निघाले. ज्या पक्षासाठी ते निघाले तो गुलामगिरी टिकवू पाहणारा पक्ष होता. त्यांच्या कर्तृत्वाच्या कौतुकात ही गोष्ट बहुधा झाकली जाते, पण झाकण्याचे काही कारण नाही.

सैनिक म्हणून त्यांची कारकीर्द दोन दिवसांचीही झाली नाही. ३ जून १८६१ च्या पहाटे, आज वेस्ट व्हर्जिनियात असलेल्या फिलिपी या गावावर उत्तरेच्या तोफांनी मारा सुरू केला. हँगर आपला घोडा आणण्यासाठी तबेल्यात धावले. जमिनीवर आपटून उसळलेला एक गोळा थेट त्यांच्या डाव्या पायावर येऊन आदळला. सोबती निघून गेले होते. काही तास ते तेथेच पडून राहिले. अखेर उत्तरेच्या सैनिकांना ते सापडले आणि ओहायोच्या पलटणीतील डॉक्टर जेम्स रॉबिसन यांनी त्यांचा पाय मांडीतून कापला. त्या युद्धातील हे पहिले अंगच्छेदन मानले जाते. मांडीतून पाय कापलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास सैनिक त्या काळी दगावत. हँगर वाचले.

युद्धकैदी म्हणून ते ओहायोतील कॅम्प चेस छावणीत गेले. तेथे त्यांना एक साधा लाकडी खुंट मिळाला. अशा खुंटाला गुडघा नसतो, घोटा नसतो आणि पाऊलही नसते. प्रत्येक पावलाला कंबर वर उचलून खुंट बाजूने अर्धवर्तुळात फिरवावा लागतो. उतारावर तर त्याचे टोक कोठे टेकेल याचा नेम नसतो. ऑगस्टमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून ते घरी परतले आणि वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी घरच्यांना सांगितले की आपल्याला कोणी त्रास देऊ नये. ते मागत असत ते पिंपाच्या ओक लाकडाच्या फळ्या आणि विलोचे लाकूड. ज्याच्या बॅटी होतात तेच हे हलके, चिवट लाकूड. मुलगा वेळ घालविण्यासाठी काहीतरी कोरीत असावा, असे घरातल्यांना वाटले. तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, तो जिना उतरून स्वतःच्या पायाने खाली आला. त्या पायाला गुडघ्यात आणि घोट्यात बिजागऱ्या होत्या.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण वाकणारा गुडघा हे वरदान दिसले तरी तोच मोठा धोका असतो. मांडीतून पाय गेलेल्या माणसाच्या कृत्रिम गुडघ्याला आवरून धरणारे स्नायू नसतात. त्याला आवरते ती केवळ रचना. शरीराच्या भाराचा ओळंबा गुडघ्याच्या कण्याच्या पुढून गेला तर सांधा ताठ राहतो, मागून गेला तर क्षणात दुमडतो आणि माणूस कोसळतो. म्हणून गुडघा सावरण्याचे अर्धे काम प्रत्यक्षात पावलाकडे असते. टाच टेकताच घोटा सहज खाली झुकून तळवा जमिनीला टेकला, तर भार पुढे सरकतो आणि गुडघा सुरक्षित राहतो. टाच कडक असेल तर तीच गुडघ्याला पुढे ढकलून दुमडते. उलट, पुढील बाजूस घोटा फार सैल असेल तर पाऊल उचलण्याआधीच आधार निसटतो. पाऊल किती पुढे बसवावे, बोटे किती बाहेर वळवावीत, टाच किती मऊ असावी, हे सारे त्या एका माणसाचे वजन, त्याच्या मांडीचा उरलेला भाग आणि त्याची चाल पाहून ठरवावे लागते. जोड्याची टाच बदलली तरी सगळा हिशेब बदलतो.

हे प्रश्न हँगर यांच्या आधीही होते. वॉटर्लूच्या रणांगणावर पाय गमावलेल्या लॉर्ड अक्सब्रिज यांच्यासाठी लंडनच्या जेम्स पॉट्स यांनी जो पाय केला, त्यात गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आतड्याची तात ओढलेली होती. गुडघा वाकला की चवडा वर उचलला जाई. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन पामर यांनी, जे स्वतःही एका पायाचे होते, १८४६ साली त्याच परंपरेतील सुधारित पायाचे पेटंट घेतले. मात्र तात ओलाव्याने सैलावते, झिजते आणि तुटते. शेतात काम करणाऱ्या माणसाला ती दुरुस्त करणारा कारागीर कोठून मिळणार? पुढे हँगर यांनी घोट्यातील ही तात काढून टाकून रबराचे ठोकळे बसविले. ठोकळा दाबला जातो, पुन्हा मूळ आकारात येतो, झिजला तर बदलता येतो. त्याच्या मऊकडकपणावरून चालही जुळविता येते. याच सुमारास न्यूयॉर्कचे ए. ए. मार्क्स अगदी उलट दिशेने गेले. त्यांनी घोट्याचा सांधाच रद्द केला आणि रबराचे सलग पाऊल केले. लवचीक घोटा की सलग पाऊल, हा वाद आजही दवाखान्यात रुग्णागणिक नव्याने सोडवावा लागतो, आणि तसाच तो सोडविला जावा.

त्या युद्धात दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ६० हजार अंगच्छेदने झाली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. उत्तरेच्या सैनिकांना सरकारने १८६२ पासून पायासाठी ७५ डॉलर दिले. दक्षिणेच्या सैनिकांना त्यात वाटा नव्हता. त्यांच्यासाठी व्हर्जिनियाने हँगर यांनाच काम दिले. दक्षिणेच्या सरकारने त्यांना पेटंट दिले. ते सरकार लयास गेले, पण धंदा टिकला. १८७१ साली हँगर यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. ज्या देशाविरुद्ध ते लढावयास निघाले होते, त्याच्याच कायद्याने त्यांचा शोध राखला.

१८७३ साली त्यांनी नोरा मॅकार्थी यांच्याशी विवाह केला. आठ अपत्ये झाली, मुलगे धंद्यात आले. स्टॉन्टन आणि रिचमंडमधील कारखान्यांनंतर कारभार वॉशिंग्टनला हलला. ग्राहकाच्या पायात दुखते कोठे, हे त्यांना विचारावे लागत नसावे.

पहिल्या महायुद्धात पुन्हा तोच काळ आला, केवळ आकडे वाढले. एकट्या ब्रिटनच्या ४१ हजारांहून अधिक सैनिकांनी हात किंवा पाय गमावला. १८६१ साली एका खोलीत बंद होऊन बसलेला तो विद्यार्थी आता सत्तरी ओलांडलेला कारखानदार होता. १९१५ साली ते युरोपात गेले. ब्रिटन आणि फ्रान्सकडून त्यांच्या कंपनीला कामे मिळाली आणि लंडनजवळच्या रोहॅम्प्टन येथील रुग्णालयात तिची कार्यशाळा उभी राहिली. तेथे रांगेने बसलेल्या तरुणांचे पाय मापले जात, जोडले जात आणि चालवून पाहून पुन्हा जुळविले जात. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये हँगर यांचे निधन झाले, तेव्हा कंपनीच्या शाखा अटलांटा, सेंट लुईस, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, लंडन आणि पॅरिस येथे सुरू होत्या.