मातीचा इंजिनिअर : सर अल्बर्ट हॉवर्ड

कॉलेजच्या मासिकात चरित्र म्हटलं की विश्वेश्वरय्या, एडिसन, नाहीतर कलाम सर. ते तर हवेतच! पण या वेळी ओळख करून द्यायची आहे ती अशा माणसाची, ज्याने ना पूल बांधला ना मशीन बनवलं. त्याने मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामगारांकडून काम कसं करून घ्यायचं याची 'प्रोसेस' बसवली. आपल्या हॉस्टेलमध्ये यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलडाण्याकडची निम्मी पोरं शेतकऱ्यांच्या घरची. त्यांनी तर हे वाचायलाच हवं, कारण गोष्ट आपल्याच काळ्या मातीची आहे.

आधी थोडी केमिस्ट्री, घाबरू नका! पिकाला नत्र, स्फुरद, पालाश लागतं हे आपण शाळेतच घोकलं. यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोठं विचित्र. विदर्भातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. अशा जमिनीत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकलं की त्यातल्या स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि पाण्यात विरघळेनासा होतो. टाकलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २५ टक्केच त्या हंगामात पिकाच्या तोंडी पडतं. म्हणजे मेसचं स्टोअर धान्याने गच्च भरलेलं, पण कुलूप लावून किल्ली गायब! ही किल्ली मातीतल्या काही जिवाणूंकडे आणि बुरशींकडे असते. स्युडोमोनास, बॅसिलस जातीचे काही जिवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक यांसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि कॅल्शियमच्या तावडीतून स्फुरद सोडवतात. कृषी सेवा केंद्रात पीएसबी नावाचं २५० ग्रॅमचं पाकीट मिळतं, ते हेच.

आता आपला नायक. अल्बर्ट हॉवर्डचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातला. वडील शेतकरी. पोरगा हुशार निघाला, लंडनला आणि मग केंब्रिजला शिकला आणि बुरशीशास्त्रज्ञ झाला. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसला नोकरी लागली. काम काय, तर उसावरचे रोग तपासायचे. पण तिथे त्याला एक गोष्ट बोचायला लागली. शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो आधी स्वतः करून बघायला स्वतःच्या हाताखाली एकरभरसुद्धा जमीन नाही! थिअरी फुल मार्क, प्रॅक्टिकल शून्य. ही खंत त्याला आयुष्यभर पुरली आणि त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीही तीच ठरली.

१९०५ मध्ये हॉवर्ड भारतात आला. बिहारमधल्या पुसा इथे सरकारने शेतीसंशोधनाची मोठी संस्था काढली होती, तिथे तो वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी मुंबईत त्याचं लग्न झालं गॅब्रिएल मॅथाई हिच्याशी. ही बाई साधीसुधी नव्हती. केंब्रिजमध्ये ब्लॅकमन या शास्त्रज्ञाबरोबर तिने प्रकाशसंश्लेषणावर केलेले प्रयोग गाजले होते. एखादी क्रिया अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर जी सगळ्यात कमी पडते तीच वेग ठरवते, बाकीच्या कितीही वाढवा. हे लिमिटिंग फॅक्टरचं तत्त्व त्याच प्रयोगांतून पुढे आलं. असं करिअर सोडून ती पुसाला आली आणि सुरुवातीची काही वर्षं तर बिनपगारी राबली. १९१३ मध्ये सरकारने तिला रीतसर दुसऱ्या क्रमांकाची इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट नेमलं. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण या जोडप्याच्या कामातून आले आणि उत्तर भारतभर पसरले.

पुसाला हॉवर्डने भांडून ७५ एकर जमीन मिळवली. मग साहेबाने काय करावं? आजूबाजूचे शेतकरी शेती कशी करतात ते बघत बसला! कडधान्याचं मिश्र पीक ते का घेतात, शेणखत कुठे टाकतात, कुठे नाही, सगळं नोंदवलं. शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले प्राध्यापक, असं तो मानू लागला. कीड पडली म्हणजे कीड मारायची एवढंच नाही, तर झाड दुबळं का झालं ते शोधायचं, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा मुळाशी, मातीत सापडतं, असा त्याचा अनुभव.

पण इथेच गाडी अडली. पुसाला डिपार्टमेंटचा कारभार कडक. वनस्पतीवाल्याने मातीच्या रसायनात नाक खुपसायचं नाही, कीटकवाल्याने खतावर बोलायचं नाही. आपल्याकडे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले एकमेकांच्या लॅबमध्ये जात नाहीत, तसंच समजा! झाड, माती, जनावर हे सगळं मिळून एकच यंत्र आहे असं मानणाऱ्याला हे कसं जमावं? शेवटी हॉवर्ड दांपत्याने वेगळी संस्था काढायचं ठरवलं. कापूस संशोधनासाठी स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसा दिला, होळकर संस्थानाने इंदूरला ३०० एकर जमीन दिली आणि १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. जमीन कशी? तर अस्सल काळी, कापसाची. म्हणजे आपल्या वऱ्हाडासारखीच!

इंदूर होळकरांचं, म्हणजे मराठी माणसं असणारच. संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड. हॉवर्ड आणि वाड यांनी मिळून पिकांच्या टाकाऊ मालापासून खत करायची जी पद्धत बसवली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. एशियातल्या, विशेषतः चीनमधल्या शेतकऱ्यांची कंपोस्ट करण्याची परंपरा त्यांनी वाचली होती, तिला त्यांनी मोजमापाची शिस्त लावली.

पद्धत ऐकाल तर चक्क प्रोसेस इंजिनिअरिंग! कापसाच्या पऱ्हाट्या कडक, कुजता कुजत नाहीत. म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकाखाली त्यांचा आपोआप चुरा होतो. क्रशरचा खर्च शून्य! हा चुरा आणि इतर काडीकचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २-३ फूट खोल खड्ड्यात त्याचे थर लावायचे; सोबत शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण सुरुवातीला ३३ ला १ च्या आसपास ठेवायचं. ढिगाचं तापमान ६० ते ६५ अंशांपर्यंत चढतं. ठराविक दिवसांनी तीनदा ढीग उलटवायचा, म्हणजे हवा खेळते. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू ताबा घेतात. साधारण ३ महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार. उकिरड्यात वर्षभर सडणारा माल ९० दिवसांत, आणि तोही दुर्गंधीशिवाय!

१९२६ मध्ये मुंबईला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचं अध्यक्षपद हॉवर्डला मिळालं. सगळं छान चाललं होतं, पण १९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल वारली. पंचवीस वर्षांचा संसार आणि प्रयोगशाळा, दोन्ही एकदम रिकामं झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्डने भारत सोडला. १९३१ मध्येच हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने इंदूर पद्धतीचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. पुढे हॉवर्डला १९३४ मध्ये 'सर' पदवी मिळाली. वाडांचं नाव मात्र ही गोष्ट सांगताना बहुतेक जण विसरतात. आपण तरी विसरायला नको.

आणखी एक योगायोग. गांधीजी तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले होते. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी ते इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी या संस्थेत जाऊन खताचे खड्डे पाहिले. पुढे त्यांच्या 'हरिजन' साप्ताहिकात या पद्धतीची माहिती छापून आली. म्हणजे इंदूरचा खड्डा आपल्या वर्ध्यापर्यंत असा पोचला!

इंग्लंडला गेल्यावरही हॉवर्ड स्वस्थ बसला नाही. १९३७-३८ मध्ये भारत आणि सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांत हिंडून त्याने मुळं तपासली. कंपोस्ट दिलेल्या झाडांच्या मुळांत एक बुरशी झाडाशी भागीदारी करून राहते, हे त्याला जागोजागी दिसलं. तिचं नाव मायकोरायझा. माती आणि झाड यांच्यामधला हा जिवंत पूल आहे असं त्याने १९४० च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात, 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'मध्ये मांडलं. झाड ही बुरशी पचवून प्रथिनं मिळवतं असा त्याचा तर्क होता. तो काही टिकला नाही. पण पूल मात्र खरा निघाला! १९५० नंतरच्या संशोधनात दिसलं की या बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी लांब पसरतात आणि झाडाला मुख्यतः स्फुरदच आणून देतात.

२० ऑक्टोबर १९४७ ला हॉवर्ड वारला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, रशियात पिकोव्हस्काया या शास्त्रज्ञ बाईंनी न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट घातलेलं माध्यम वापरून स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे केले. ज्या बशीत जिवाणूच्या ठिपक्याभोवती स्वच्छ पारदर्शक कडं दिसतं, तो जिवाणू कामाचा. आजही मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये हेच माध्यम त्यांच्या नावाने वापरतात. मातीतली ताकद जिवंत आहे हे हॉवर्ड सांगत राहिला. तिचा एक पुरावा तो गेल्यावर असा काचेच्या बशीत आला.

हॉवर्ड सगळंच बरोबर बोलला असं नाही. रासायनिक खतांवर त्याने जरा जास्तच तोफ डागली. आपण इंजिनिअर, मास बॅलन्स मांडून बघू. जिवाणू स्फुरद 'तयार' करत नाहीत, असलेलं मोकळं करतात. बोंड आणि दाणा बाजारात गेला की स्फुरदही गेलं. ते कुठून तरी परत यायलाच हवं. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही बघा. रॉक फॉस्फेटसाठी आपला देश बहुतांशी परदेशावर अवलंबून आहे, आणि महागाची गोणी टाकून तिचा मोठा भाग मातीत कुलूपबंद करणं आपल्या बापाला परवडणारं नाही. गोणी कमी लागावी, टाकलेलं वाया जाऊ नये, यासाठी जिवाणू हवेत, आणि जिवाणूंना जगायला सेंद्रिय पदार्थ हवा. तिथे हॉवर्डचा खड्डा आजही पास होतो.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलात, तर पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवून देण्याआधी घरी हा विषय जरूर काढा. पीएसबीचं पाकीट घेतलं तर त्यावरची तारीख बघा, ते उन्हात ठेवू नका आणि बियाण्याला लावल्यावर सावलीत सुकवा. त्यात पावडर नाही, जिवंत कामगार आहेत! बाकी सबमिशन आणि वायवा आहेतच. शुभेच्छा!