एनपीएन, पीएनपी आणि दुखावलेला शॉक्ली

उंबरमाळीच्या घरी आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ होता. शाळेत असताना मी त्यातला जळालेला एसी १२८ काढला आणि हाताशी होता तो बीसी ५४७ डकवला. रेडिओ मुकाच. पहिला पीएनपी, दुसरा एनपीएन, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आजोबा मात्र तेवढे दिवस बातम्यांना मुकले.

या दोघांची कल्पना काढणारा विल्यम शॉक्ली १९१० साली लंडनमध्ये जन्मला, कॅलिफोर्नियात वाढला. बेल लॅबमध्ये त्याच्याच गटातल्या बार्डीन आणि ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवला. त्यात शॉक्लीचा थेट हात नव्हता आणि ते त्याला फार लागलं. वर्ष संपताना शिकागोच्या हॉटेलात तो एकटाच लिहीत बसला. जानेवारी १९४८ मध्ये जंक्शन ट्रान्झिस्टर कागदावर आला: टेकवलेली टोकं नकोत, एकाच स्फटिकात तीन थर.

थर कसे लावता, त्यावर जात ठरते. एनपीएनमध्ये बेस एमिटरपेक्षा साधारण ०.७ व्होल्ट वर नेला (सिलिकॉन असेल तर), की करंट कलेक्टरकडून एमिटरकडे जातो. पीएनपीत सगळं उलटं: बेस एमिटरच्या खाली ओढायचा, करंट एमिटरकडून कलेक्टरकडे. चिन्हात बाण एमिटरवरच असतो. एनपीएनचा बाहेर, पीएनपीचा आत. इलेक्ट्रॉन होलपेक्षा चपळ, म्हणून आज एनपीएन जास्त दिसतो. मग जुन्या रेडिओत पीएनपी का? जर्मेनियमच्या पातळ एन-चकतीवर दोन्ही बाजूंनी इंडियमचे ठिपके वितळवले की पीएनपी तयार, इतकं ते सोपं होतं. म्हणूनच त्या रेडिओंत बऱ्याचदा बॅटरीचं प्लस टोक ग्राउंडला असायचं. माझा बीसी ५४७ तिथे चालणार कसा?

शॉक्लीचा जंक्शन ट्रान्झिस्टर १९५० मध्ये प्रत्यक्षात आला, तो एनपीएन. १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं. त्याच वर्षी त्यानं माउंटन व्ह्यूला स्वतःची कंपनी काढली, पण माणसं सांभाळणं त्याला जमलं नाही. १९५७ मध्ये आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. पुढे तो वंश आणि बुद्धिमत्तेबद्दल निराधार, घातक मतं मांडत राहिला. मला त्यात कीव करण्यासारखं काही दिसत नाही. १९८९ मध्ये तो गेला.

आजोबांच्या रेडिओत नंतर मी एसी १२८ च बसवला. लागला.