विश्लेषण : मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची तुरुंगात हत्या का झाली?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील कार्थेज या छोट्या गावात २७ जून १८४४ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास सशस्त्र जमाव तुरुंगात घुसला. ओळख पटू नये म्हणून अनेकांनी चेहरे काळे केले होते. वरच्या मजल्यावर खटल्याच्या प्रतीक्षेत असलेले जोसेफ स्मिथ आणि त्यांचे थोरले बंधू हायरम यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. ३८ वर्षांचे स्मिथ त्या वेळी एका नव्या पंथाचे प्रमुख, एका शहराचे महापौर, सशस्त्र दलाचे सेनापती आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवारही होते. ज्या देशाच्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याची हमी आहे, तेथे हे कसे घडले? स्मिथ यांचे आयुष्य आणि मॉर्मन पंथाचा शेजाऱ्यांशी झालेला संघर्ष यांचा हा आढावा.

जोसेफ स्मिथ कोण होते?

स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमाँट राज्यातील शॅरन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. नापिकी आणि आर्थिक ओढाताणीमुळे कुटुंबाने न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील पालमायरा गाठले. शिक्षण जेमतेम झाले. त्या भागात तेव्हा धर्मसभांची लाट होती. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा पंथांचे प्रचारक एकाच गावात अनुयायी मिळवण्यासाठी धडपडत असत. यातला खरा पंथ कोणता, या प्रश्नाने आपल्याला लहान वयातच घेरले आणि त्यातूनच ईश्वरी दर्शन घडले, असा स्मिथ यांचा दावा होता.

१८२३ मध्ये मोरोनी नावाच्या देवदूताने जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची माहिती दिली आणि १८२७ मध्ये ते पत्रे हाती आले, असे त्यांनी सांगितले. या पत्र्यांवरील मजकुराचे दैवी साहाय्याने केलेले भाषांतर म्हणून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ मार्च १८३० मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन काळी जेरुसलेमहून अमेरिकेत आलेल्या लोकांची आणि येशूने त्यांना दिलेल्या भेटीची कथा त्यात आहे. ५,००० प्रतींच्या छपाईसाठी मार्टिन हॅरिस या अनुयायाने आपली शेती गहाण ठेवली. ६ एप्रिल १८३० रोजी स्मिथ यांनी रीतसर चर्च स्थापन केले.

सुरुवातीचा विरोध कशामुळे?

पहिले कारण धार्मिक होते. बायबलच्या जोडीला नवा धर्मग्रंथ आणि देवाशी थेट बोलणारा हयात प्रेषित, या दोन्ही गोष्टी इतर ख्रिस्ती पंथांना पाखंड वाटत होत्या. दुसरे कारण स्मिथ यांच्या पूर्वायुष्यात होते. तरुणपणी ते विशिष्ट खड्यात पाहून जमिनीतील गुप्तधन शोधून देण्याची कामे घेत. त्यावरून १८२६ मध्ये त्यांना न्यायाधीशासमोर उभे राहावे लागले होते. ओळखीच्यांच्या लेखी तो भोंदूपणा होता.

१८३१ मध्ये स्मिथ अनुयायांसह ओहायो राज्यातील कर्टलंड येथे गेले. मार्च १८३२ मध्ये हायरम या जवळच्या गावी जमावाने त्यांना रात्री घरातून ओढून काढले, मारहाण केली आणि अंगाला डांबर फासून त्यावर पिसे चिकटवली. सार्वजनिक अपमानाची ही तत्कालीन अमेरिकेतील प्रचलित पद्धत होती. मात्र कर्टलंड सोडण्याची वेळ आली ती प्रामुख्याने पैशांमुळे. स्मिथ यांनी पुढाकार घेतलेल्या पतसंस्थेला राज्याने बँकेचा परवाना दिला नव्हता. १८३७ च्या आर्थिक मंदीत ती बुडाली. अनुयायांची बचत गेली, अनेक निकटचे सहकारी विरोधात गेले आणि जानेवारी १८३८ मध्ये स्मिथ यांनी रातोरात गाव सोडले.

मिझुरीत ठिणगी कशी पडली?

त्याआधीच, १८३१ मध्ये, स्मिथ यांनी मिझुरी राज्याच्या पश्चिम सीमेवरील जॅक्सन काउंटी ही देवाने नेमून दिलेली भूमी असल्याचे जाहीर केले होते. इंडिपेंडन्स या गावी नवे जेरुसलेम उभे राहणार होते. त्यामुळे अनुयायांचे लोंढे तिकडे वळले. दोनच वर्षांत त्यांची संख्या १,००० च्या पुढे गेली. काउंटीच्या लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश होते.

जुन्या रहिवाशांना मॉर्मनांच्या प्रार्थनेपेक्षा या आकड्यांची भीती अधिक होती. मॉर्मन एकत्र जमीन घेत, आपसात व्यवहार करत आणि एकगठ्ठा मतदान करत. आणखी काही वर्षांत शेरीफपासून न्यायाधीशापर्यंत सर्व पदे त्यांच्या हाती जातील, हे उघड दिसत होते. ही भूमी देवाने आपल्याला दिली आहे, असे काही जण बोलूनही दाखवत. शिवाय मिझुरी हे गुलामगिरी मान्य असलेले राज्य होते आणि बहुतेक मॉर्मन उत्तरेकडून आलेले होते. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना ते बायबलमधील इस्रायलचे वंशज मानत, त्यामुळे मॉर्मन त्यांना हाताशी धरतील, असाही संशय होता.

जुलै १८३३ मध्ये मॉर्मनांच्या वृत्तपत्रात मुक्त कृष्णवर्णीयांच्या राज्यप्रवेशाविषयीचे नियम सांगणारा लेख आला. हे कृष्णवर्णीयांना दिलेले आमंत्रण आहे, असा अर्थ काढला गेला. २० जुलैला जमावाने वृत्तपत्राची इमारत पाडली, छापखाना बाहेर फेकला आणि बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांना डांबर फासले. नोव्हेंबरमध्ये सर्व मॉर्मनांना मिझुरी नदीपलीकडे हाकलण्यात आले. राज्यपालांनी न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला. पण स्थानिक न्यायाधीश आणि अधिकारीच हकालपट्टीच्या बाजूने उभे होते. १८३४ मध्ये स्मिथ ओहायोतून सुमारे २०० सशस्त्र अनुयायी घेऊन आले, मात्र वाटेत कॉलऱ्याने बळी घेतले आणि ही तुकडी न लढताच परतली.

राज्यपालांचा आदेश काय होता?

तोडगा म्हणून १८३६ च्या अखेरीस मॉर्मनांसाठी कॉल्डवेल ही स्वतंत्र काउंटी निर्माण करण्यात आली. परंतु वस्ती वाढत जाऊन शेजारच्या काउंट्यांमध्ये पसरली. १८३८ मध्ये स्मिथ स्वतः तेथे पोहोचले, तोपर्यंत त्यांच्या अनुयायांची भूमिकाही बदलली होती. यापुढे मार खायचा नाही, असे ठरले होते. डॅनाइट नावाची गुप्त टोळी उभी राहिली. स्मिथ यांचे सहकारी सिडनी रिग्डन यांनी ४ जुलैच्या जाहीर भाषणात हल्लेखोरांचा समूळ नाश करण्याचा इशारा दिला.

६ ऑगस्टला गॅलॅटिन येथे मतदानाला आलेल्या मॉर्मनांना अडवण्यात आले आणि हाणामारी झाली. डीविट येथील मॉर्मन वस्तीला वेढा पडला, तेव्हा राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी मदत नाकारली. ऑक्टोबरमध्ये मॉर्मन टोळ्यांनी गॅलॅटिनवर चाल करून दुकाने लुटली, इमारती जाळल्या. २५ ऑक्टोबरला क्रुकेड रिव्हर येथे त्यांची राज्याच्या मिलिशियाशी चकमक झाली. त्याच्या अतिरंजित बातम्या राजधानीत पोहोचल्या. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी बॉग्ज यांनी मॉर्मनांना शत्रू मानून त्यांचा संहार करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे, असा लेखी आदेश काढला.

तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर सशस्त्र गटाने हल्ला केला. १७ जण ठार झाले, त्यात १० वर्षांचा एक मुलगा होता. स्मिथ यांना पकडून लष्करी न्यायालयाने सकाळी गोळ्या घालण्याचा हुकूम दिला. तो पाळण्यास मिलिशियाचे अधिकारी अलेक्झांडर डॉनिफन यांनी नकार दिला. असा हुकूम म्हणजे थंड डोक्याने केलेला खून ठरेल, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. त्यामुळे स्मिथ वाचले आणि लिबर्टी येथील तुरुंगात गेले. ऐन हिवाळ्यात हजारो मॉर्मनांनी घरे-शेते सोडून इलिनॉयची वाट धरली. तेथील क्विन्सी शहराने त्यांना आसरा दिला.

केंद्राने हस्तक्षेप का केला नाही?

एप्रिल १८३९ मध्ये स्मिथ कैदेतून निसटले. वर्षअखेरीस त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांची भेट घेतली आणि नुकसानभरपाई मागितली. हाती काही लागले नाही. त्यामागे राजकारण होते, तशी कायद्यातील त्रुटीही होती. राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याची हमी तेव्हा फक्त केंद्र सरकारला लागू होती, राज्यांना नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्येच मूलभूत हक्कांची सनद राज्यांवर बंधनकारक नसल्याचा निकाल दिला होता. म्हणजे मिझुरीने अन्याय केला तर दाद मिझुरीकडेच मागायची होती. आपले रक्षण आपल्यालाच करावे लागेल, हा निष्कर्ष स्मिथ यांनी यातून काढला.

नॉवू म्हणजे राज्यातले राज्य होते का?

मिसिसिपी नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर स्मिथ यांनी नॉवू हे शहर वसवले. मॉर्मनांची मते दोन्ही राजकीय पक्षांना हवी असल्याने इलिनॉय विधिमंडळाने डिसेंबर १८४० मध्ये शहराला उदार सनद दिली. स्वतःचे मिलिशिया दल आणि अटकेतील व्यक्तीला सोडवण्याचा अधिकार असलेले नगर न्यायालय, हे तिचे विशेष होते. काही वर्षांतच लोकसंख्या १० हजारांच्या वर गेली. मिझुरीचे अटक वॉरंट घेऊन अधिकारी आले, तेव्हा याच न्यायालयाने स्मिथ यांना मुक्त केले.

मॉर्मनांच्या दृष्टीने हे कवच होते. शेजाऱ्यांना मात्र महापौर, सेनापती आणि प्रेषित एकच असलेल्या शहरात इतरांना न्याय मिळेल का, ही शंका सतावत होती. वॉर्सा या शेजारच्या गावातील संपादक थॉमस शार्प यांचे वृत्तपत्र मॉर्मनांविरोधात आग ओकू लागले. जानेवारी १८४४ मध्ये स्मिथ अध्यक्षपदाच्या रिंगणात उतरले, तेव्हा ही भीती आणखी वाढली.

छापखाना फोडण्याचा निर्णय का घातक ठरला?

दरम्यान, स्मिथ गुप्तपणे बहुपत्नीत्व आचरत होते. जाहीरपणे ते नाकारत. पत्नी एमा यांचा त्याला तीव्र विरोध होता. स्मिथ यांचे ३० ते ४० विवाह झाले असावेत आणि त्यातील सर्वांत लहान वधू १४ वर्षांची होती, हे चर्चने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मान्य केले. या प्रथेमुळे विल्यम लॉ यांच्यासारखे वरिष्ठ सहकारी फुटले. त्यांनी ७ जून १८४४ रोजी ‘नॉवू एक्स्पोझिटर’ या वृत्तपत्राचा अंक काढून बहुपत्नीत्व आणि सत्तेच्या केंद्रीकरणावर टीका केली.

नगर परिषदेने हे वृत्तपत्र सार्वजनिक उपद्रव ठरवले. १० जूनला महापौर स्मिथ यांच्या आदेशाने छापखाना फोडण्यात आला. ११ वर्षांपूर्वी इंडिपेंडन्समध्ये जमावाने मॉर्मनांच्या छापखान्याचे जे केले, तेच आता मॉर्मन नगर परिषदेने ठराव करून केले. विरोधकांना हवे असलेले निमित्त मिळाले. धर्मछळाच्या जुन्या आरोपाला वृत्तपत्रस्वातंत्र्याचे उत्तर उभे राहिले. शार्प यांनी शस्त्र उचलण्याचे उघड आवाहन केले. स्मिथ यांनी नॉवूत लष्करी कायदा पुकारला आणि त्यामुळे पुढे त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप लागला.

कार्थेजच्या तुरुंगात काय घडले?

राज्यपाल थॉमस फोर्ड यांनी सुरक्षेची हमी दिल्यावर स्मिथ कार्थेजमध्ये शरण आले. २७ जूनला फोर्ड स्वतः नॉवूला रवाना झाले. पहाऱ्यावर राहिलेले स्थानिक सैनिक स्मिथ यांचे कट्टर विरोधक होते. मिलिशियातून मोकळे झालेले वॉर्सा परिसरातील लोक तुरुंगावर चालून आले, तेव्हा पहारा नावापुरताच उरला. दाराआडून आलेल्या गोळीने हायरम कोसळले. चोरून आणलेल्या पिस्तुलातून स्मिथ यांनीही गोळ्या झाडल्या. नंतर खिडकीकडे धावले असता त्यांना गोळ्या लागल्या आणि ते खाली पडले. खोलीतील जॉन टेलर गंभीर जखमी झाले, तर विलार्ड रिचर्ड्स बचावले.

शार्प यांच्यासह पाच जणांवर १८४५ मध्ये खटला चालला. ज्युरीने सर्वांना निर्दोष सोडले.

पुढे काय झाले?

नॉवूतून सूडाची कारवाई झाली नाही. तरीही जानेवारी १८४५ मध्ये शहराची सनद रद्द झाली आणि सप्टेंबरमध्ये आसपासची मॉर्मन घरे जाळण्यात आली. १८४६ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य मॉर्मन पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. छळाच्या आठवणी त्यांच्यासोबत गेल्या आणि संशयही गेला. सप्टेंबर १८५७ मध्ये युटातील माउंटन मेडोज येथे मॉर्मन मिलिशियाने तेथून जाणाऱ्या सुमारे १२० निःशस्त्र स्थलांतरितांची कत्तल केली. त्यात महिला आणि मुलेही होती.

१८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व सोडत असल्याचे जाहीर केले. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज या चर्चचे जगभरात १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. मिझुरीच्या दफ्तरात मात्र बॉग्ज यांचा आदेश तसाच पडून होता. राज्यपाल ख्रिस्तोफर बॉन्ड यांनी तो २५ जून १९७६ रोजी औपचारिकरीत्या रद्द केला आणि झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला. तोपर्यंत १३७ वर्षे उलटून गेली होती.