मरहूम सर इब्राहिम रहिमतुल्ला

गव्हाण-पनवेल भागातील आपली माणसे लग्नाच्या वा ईदच्या खरेदीसाठी मुंबईस भेंडीबाजारात जातात. तेथील एका मोठ्या रस्त्यास इब्राहिम रहिमतुल्ला यांचे नाव दिलेले आहे. हे गृहस्थ कोण होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सर इब्राहिम यांचा जन्म १८६२ साली मुंबईतील एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. शालेय शिक्षणानंतर कॉलेजची पदवी न घेताच ते थोरल्या बंधूंबरोबर व्यापारात उतरले. १८९२ साली ते मुंबई महापालिकेत निवडून गेले आणि १८९९ साली तिचे अध्यक्ष झाले. पुढे प्रांतिक व मध्यवर्ती कायदेमंडळांतही त्यांनी काम केले.

स्वतः पदवीधर नसलेल्या या व्यापाऱ्याने धरलेला आग्रह मात्र शिक्षणाचा होता. मुंबई शहरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा प्रयत्न त्यांनी व सर चिमणलाल सेटलवाड यांनी केला. त्यामुळे १९०६ साली सरकारने एक समिती नेमली. लोकांची अजून तयारी नाही, असे सांगून समितीने नकार दिला. त्याच साली बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण राज्यभर लागू केले होते! मुंबई प्रांतात तसा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली झाला. सर्व देशातील मुलांना हा हक्क कायद्याने मिळण्यास २००९ साल उजाडले.

१९२१ साली नेमलेल्या फिस्कल कमिशनचे ते अध्यक्ष होते. परदेशी मालावर जकात बसवून देशी उद्योगांना संरक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न होता. बहुमताने सुचविलेले संरक्षण त्यांना अपुरे वाटले, म्हणून अध्यक्ष असूनही त्यांनी चार हिंदी सभासदांसह भिन्न मतपत्रिका जोडली. १९३१ ते १९३३ या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. १९४२ साली ते अल्लाहला प्यारे झाले.

पालक बंधुभगिनींनो, मुलगा दहावीस अडखळला किंवा मुलगी मोठी झाली की शाळा सोडविण्याची बोलणी आजही आपल्या घरांतून सुरू होतात. धंद्याला शिक्षण कशाला, असे म्हणून न शिकता मोठ्या झालेल्या व्यापाऱ्यांचे दाखले दिले जातात. सर इब्राहिम यांच्यामागे घरचा व्यापार होता. आपल्या भागातील जमिनी तर प्रकल्पांसाठी गेल्या; भरपाईचा पैसा किती दिवस पुरणार? शिवाय ज्याने पदवीवाचून यश मिळविले, त्यानेच इतरांच्या मुलांसाठी शाळा सक्तीची मागितली, हे विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, लोकांची तयारी नाही हा त्या समितीचा शेरा खोटा पाडणे आता तुमच्या हाती आहे. अल्लाहतआला तुम्हांला इल्मची दौलत देवो. आमीन.