ऑर्व्हिल राईट : घरात तयार झालेलं विमान

पालकहो आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, राईट बंधूंचा धडा आपण बहुतेक वेळा १९०३ पासून सुरू करतो. आज जरा मागे जाऊ या आणि धाकट्या ऑर्व्हिलच्या घरात डोकावू या.

ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन गावी झाला. वडील मिल्टन हे धर्मगुरू, सतत फिरतीवर असायचे. घरात हत्यारं चालवायची ती आई, सुझन! तिचे वडील घोडागाड्या बनवायचे, त्यांच्या कारखान्यात वावरून ती हे काम शिकली होती. मुलांची मोडलेली खेळणी तीच दुरुस्त करायची, नवी बनवूनही द्यायची.

१८७८ मध्ये वडिलांनी प्रवासाहून येताना एक खेळणं आणलं. रबराला पीळ दिला की ते भिरभिरत वर जायचं. ऑर्व्हिल तेव्हा सात वर्षांचा आणि विल्बर अकरा. खेळणं मोडलं, तेव्हा दोघांनी तसंच दुसरं बनवलं. मग त्याहून मोठं बनवलं, तर ते नीट उडेना! असं का, हे तेव्हा कळलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला.

१८८९ मध्ये आई क्षयाने गेली. त्याच सुमारास ऑर्व्हिलने शाळा सोडून छापखाना काढला. छपाईयंत्रही स्वतःच जुळवलेलं! १८९२ मध्ये भावांनी सायकलींचं दुकान थाटलं. त्याच दुकानाच्या कमाईवर पुढे विमानाचे प्रयोग झाले. १९०२ च्या उन्हाळ्यात तर त्यांचं राहतं घरच कारखाना झालं होतं. ऑर्व्हिल जमिनीवर बसून कापडावर खुणा करत आणि विल्बर तासन्‌तास शिवणयंत्र फिरवत. आईने लावलेलं हातकामाचं वळण असं कामी आलं, पण ते पाहायला ती नव्हती.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट उडाले. यशाची तार गेली ती घरी, वडिलांना.

पण बापाचं काळीज ते! दोघांनी एका विमानात कधी बसायचं नाही, अशी वडिलांची अट होती. ही भीती पोकळ नव्हती. १९०८ मध्ये ऑर्व्हिल यांचं विमान कोसळलं, सोबतचा लष्करी अधिकारी दगावला आणि ते स्वतः जबर जखमी झाले. तरी वडिलांनी त्यांना उडणं सोडायला लावलं नाही. २५ मे १९१० रोजी फक्त एकदाच त्यांनी दोघांना एकत्र उडू दिलं. त्याच दिवशी ८१ वर्षांचे मिल्टन स्वतः ऑर्व्हिलशेजारी बसून पहिल्यांदा आकाशात गेले. वर गेल्यावर घाबरले असतील असं वाटतं ना? छे! त्यांनी मुलाला आणखी उंच न्यायला सांगितलं.

दोन वर्षांनी विल्बर विषमज्वराने गेले. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ पर्यंत जगले. लहानपणी आमच्या घरात कुतूहलाला मोकळीक होती, हे ते आवर्जून सांगत.

या आई-वडिलांनी विमान बनवलं नाही. आईने हत्यारं हाताळायला शिकवलं, वडिलांनी एक खेळणं आणलं आणि पुढे स्वतःची भीती गिळली. तुमच्या मुलाचं खेळणं पुढच्या वेळी मोडेल, तेव्हा लगेच नवं आणू नका. आधी त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या आणि शेजारी बसा. जमलं नाही तरी चालेल. ऑर्व्हिललाही पहिल्यांदा जमलं नव्हतंच की!